शेकडेवारी, गुणोत्तर, अपूर्णांक: ७२ सेकंदांत उत्तर कसं काढायचं?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. लांबलचक आकडेमोड करत बसलं, तर येणारे प्रश्नही सुटून जातात. मग काय करायचं? कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेवरची काही काल्पनिक गणितं पाहू.

१. टक्क्यांचा अपूर्णांक करा
२५ टक्के म्हणजे १/४, २० टक्के म्हणजे १/५, १२.५ टक्के म्हणजे १/८. ६४० रुपयांच्या गुलालावर १२.५ टक्के सूट किती? ६४० ÷ ८ = ८० रुपये.

२. आधी एक भाग काढा
गुलाल आणि खोबऱ्याचा खर्च ३:२, एकूण ४५० रुपये. भाग झाले ५, एक भाग ९० रुपयांचा. गुलाल २७० रुपयांचा, खोबरं १८० रुपयांचं.

३. 'उरलेल्यांपैकी' या शब्दाखाली रेघ मारा
६०० भाविकांपैकी १/३ पायी आले, उरलेल्यांपैकी १/४ एसटीने. एसटीने किती? पायी आले २००, उरले ४००, त्यांचा १/४ म्हणजे १००. घाईत ६०० चा १/४ काढला, तर १५० येतात आणि नेमका तोच आकडा पर्यायांत दिलेला असू शकतो.

४. टक्के कशाचे, ते बघा
१०० रुपयांचं ताट २० टक्क्यांनी महागलं, मग २० टक्क्यांनी स्वस्त झालं. किंमत पुन्हा १०० होत नाही. दुसरे २० टक्के १२० रुपयांचे, म्हणजे २४ रुपये. उत्तर ९६.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित असतं. तिथेही हीच पद्धत कामी येते.