गाठी शोधणारा हात

आज आपण कोरेगावात जमलो आहोत. भीमेकाठच्या नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या, आल्याच्या आणि घेवड्याच्या कोरेगावात. विषय मालिशचा आहे, म्हणून आधी आपल्याच घरातून सुरुवात करू.

आपल्याकडे अंगाला तेल लावून घेण्याचा मान कुणाला होता? एक, तालमीतल्या पैलवानाला. मेहनत झाली की त्याची पाठ, मांड्या, पोटऱ्या दुसरा पैलवान रगडून काढायचा, सगळा जोर लावून. दुसरा मान बाळंतिणीला आणि तिच्या बाळाला. सव्वा महिना तेल, कढत पाण्याचं न्हाणं, वर शेक. तो सव्वा महिना संपला की संपला. पुढे भांगलणीला वाकून, घागरी वाहून चाळिशीला आलेली तीच बाई ‘सगळं अंग ठणकतंय’ म्हणाली, तर तिला कोण तेल लावणार? तीच तर सासूचे पाय चेपत असायची.

या बाईचं दुखणं आम्हाला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. महिनोन्‌महिने अंगभर दुखतं. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही. साधा हात लागला तरी कळ येते. रक्त तपासलं तर ठीक, एक्स-रे स्वच्छ. मग घरातले म्हणतात, काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे. डॉक्टरांच्या भाषेत याला आता फायब्रोमायल्जिया म्हणतात. पण त्याआधी दुसरं एक नाव होतं, आणि आमच्या मते मालिश करणाऱ्या हाताची वाट तिथेच चुकली.

१९०४ साली लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर एक व्याख्यान दिलं. (हो, व्याख्यानच. व्याख्यानानं काय काय होऊ शकतं, ते आम्ही जाणून आहोत.) शरीरातल्या तंतुमय भागाला दाह होतो असं त्यांचं मत होतं, म्हणून त्यांनी ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द वापरला. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी अशा रुग्णांच्या अंगातल्या गाठी काढून तपासल्या आणि त्यांत दाह दिसल्याचं लिहिलं. गाठ आहे म्हटल्यावर ती चोळून मोडायची, हा विचार ओघानंच आला. पुढच्या संशोधकांना तो दाह काही सापडला नाही. शब्द मात्र सत्तर वर्षं टिकला. आणि दाह सापडेना, तेव्हा काहींनी दुखणं मनाचंच ठरवून टाकलं. म्हणजे आमच्या कोरेगावातल्या सासूबाई आणि परदेशातले डॉक्टर एकाच निष्कर्षाला आले!

वळण लागलं ते झोपेवरून. टोरांटोचे हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांच्या गाढ झोपेत आवाज करून व्यत्यय आणला. सकाळी त्यांची अंगं दुखू लागली, दाबलं तर जास्तच. गाठ नाही, दाह नाही, फक्त झोप मोडलेली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव आलं. त्यात दाहाचा उल्लेख नाही, नुसतं दुखणं आहे. १९९० मध्ये अमेरिकी संधिवाततज्ज्ञांनी निकष ठरवले: अंगभर दुखणं, आणि ठरावीक १८ जागी अंगठ्यानं सुमारे ४ किलो दाब दिला असता निदान ११ जागी कळ. २०१० च्या निकषांतून तो अंगठा गेला. झोप, थकवा, विसराळूपणा यांची विचारपूस आली. आज असं मानतात की, बिघाड स्नायूत कमी आणि निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेत जास्त आहे. मेंदू आणि मज्जारज्जू साध्या स्पर्शालाही कळ समजतात.

आता परत तालमीकडे या. पैलवानाचा स्नायू मेहनतीनं आखडलेला असतो, त्याला रगडलेलं मानवतं. तोच हात या बाईच्या पाठीवर ‘गाठी फोडायला’ फिरला, तर ती दोन दिवस अंथरुणातून उठणार नाही. आणि वर ऐकून घेईल: एवढं चोळलं तरी हिचं रडगाणं चालूच!

गंमत अशी, की आपल्या जुन्या ग्रंथात दुसरी वाट होती. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त रोजच्या अभ्यंगाचे फायदे सांगताना थकवा जाणं आणि झोप लागणं ही दोन्ही येतात, आणि तेल विशेषतः डोकं, कान आणि पाय यांना लावायला सांगितलं आहे. या ग्रंथावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीनं टीका लिहिली. म्हणजे हे ज्ञान आपल्या मुलखात होतं. वाग्भटाला फायब्रोमायल्जिया माहीत होता, असला दावा आम्ही करणार नाही. तसले दावे फार झाले.

मालिशनं फरक पडतो का? २०१४ साली नऊ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा पाच आठवडे किंवा त्याहून जास्त मालिश घेणाऱ्यांचं दुखणं आणि चिंता लगेचच्या काळापुरती कमी झालेली दिसली. पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ च्या शिफारशींत ठाम कौल दिला तो एकट्या व्यायामाला. मालिशचा पुरावा त्यांना अपुरा वाटला. व्यायाम म्हटल्यावर या तालुक्यात औंधकरांची आठवण होणारच. पंतप्रतिनिधींचं घराणं इथल्याच किन्हईचं, आणि त्यांच्यातल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी औंध संस्थानात सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला. मात्र या रुग्णांना पहिल्याच दिवशी बारा नमस्कार घालायला लावू नका. घरापासून कोपऱ्यापर्यंत चालणं पुरे, मग हळूहळू वाढवा.

मालिशचंही तसंच. पहिल्या खेपेला फक्त तळपाय आणि हात, पंधरा-वीस मिनिटं, कोमट तेल, दाब अगदी हलका. ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. आणि लगेच ‘बरं वाटलं का’ असं विचारायचं नाही. भिडेखातर ती ‘हो’च म्हणते. दुसऱ्या दिवशी दुपारी विचारायचं, रात्री झोप कशी लागली, सकाळी उठताना अंग कसं होतं. ती जे सांगेल त्यावर पाठीला हात लावायचा की नाही, ते ठरवायचं.