ढालकिडा आणि कालव्याचा मुलूख

बारामती व इंदापूर हे तालुके पूर्वीं अवर्षणाचे म्हणून ओळखले जात. सन १८७६-७७ च्या दुष्काळांत येथील शेतकऱ्यांची दैना झाली. पुढें १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि बाजरीच्या शिवारांत ऊस उभा राहिला. मागाहून भाजीपाला व द्राक्षाचे मळे आले. परंतु जेथें बारमाही हिरवें पान, तेथें तें खाणाराहि बारमाही. वांगीं, भेंडी, द्राक्षें यांच्या पानांखालीं बारीक जाळें विणून रस शोषणारा लाल कोळी हा त्यांपैकींच एक.

या कोळ्याचा वैरी म्हणजे स्टेथोरस जातीचा ढालकिडा. लाल पाठीवर काळे ठिपके मिरविणारा ढालकिडा तो हा नव्हे; हा काळा, लवदार आणि जेमतेम मोहरीएवढा. याची अळी व प्रौढ किडा, दोघेहि कोळी आणि त्याचीं अंडीं खाऊन जगतात.

ढालकिड्यांचें मोल जगाला पटलें तें कॅलिफोर्नियांत. १८८८-८९ सालीं ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या एका जातीनें तेथील संत्र्यांच्या बागा खवलेकिडीपासून वाचविल्या. १८९८ सालीं दुसरी एक ऑस्ट्रेलियन जात भारतांत आली. द्राक्षावरील पिठ्या ढेकणाविरुद्ध ती आज वापरली जाते.

१९४५ नंतर मात्र डी. डी. टी. चा काळ आला. कोळी आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच. तो या औषधाला दाद देईना. ढालकिडे मेले, आणि परदेशांतील सफरचंदाच्या बागांत फवारणीनंतर कोळी उलट वाढले. चोरावर सोडलेला बाण पहारेकऱ्यालाच लागला.

२००२ सालीं पश्चिम महाराष्ट्राच्या उसावर लोकरी मावा पसरला. दाट उसांत फवारा पोंचेना. तेव्हां डिफा पतंगाच्या अळ्या व मायक्रोमस कीटक माव्यावर वाढले, शेतोशेतीं सोडले गेले, आणि मावा ओसरला. येथें मुख्य काम ढालकिड्याचें नव्हतें. पण धडा तोच होता.

भक्षक नेहमीं भक्ष्यामागून येतो. कोळी वाढल्यावरच ढालकिडा जमतो, आणि त्या मधल्या दिवसांत पान पिवळें पडत असतें. कर्ज काढून लावलेल्या बागेच्या धन्याचा हात तेव्हां पंपाकडे जातो; खरी कसोटी तीच. अशा वेळीं आधीं पान उलटून भिंगानें पाहावें. जाळ्यांत काळे ठिपके हिंडतांना दिसले, तर पहारेकरी कामावर आला आहे असें समजावें.