स्लाव लेखनपरंपरेचा उगम : धर्मप्रसार, भाषा आणि राजाश्रय

प्रस्तावना :
रशियन, बल्गेरियन, सर्बियन आदी भाषांची ‘सिरिलिक’ लिपी संत सिरिल यांनी तयार केली, असा समज रूढ आहे. तथापि सिरिल यांनी रचलेली लिपी निराळी होती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. प्रस्तुत लेखात या परंपरेच्या उगमाचा मागोवा घेऊन ती टिकून राहण्यामागील कारणांचा विचार केला आहे.

मोराव्हियाची विनंती :
इ.स. ८६२ च्या सुमारास मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने आपल्या प्रजेला तिच्याच भाषेत ख्रिस्ती धर्म शिकविणारे उपदेशक पाठवावेत, अशी विनंती बायझन्टाइन सम्राट तिसरा मायकेल याला केली. त्या प्रदेशावरील फ्रँक धर्मगुरूंचा प्रभाव कमी करणे, हाही त्यामागील हेतू होता. सम्राटाने कॉन्स्टन्टाइन (पुढील काळातील सिरिल) व मेथोडियस या बंधूंची निवड केली. ते थेस्सलोनिकीचे रहिवासी असून तेथील स्लाव बोली त्यांना अवगत होती.

‘श’, ‘च’ यांसारख्या ध्वनींसाठी ग्रीक वर्णमालेत अक्षरे नव्हती. कॉन्स्टन्टाइन यांनी स्लाव ध्वनींचे बारकाईने पृथक्करण करून त्यांना अनुरूप अशी स्वतंत्र अक्षरे योजिली. हीच ‘ग्लागोलिटिक’ लिपी होय. तिच्या साहाय्याने शुभवर्तमाने व उपासनाग्रंथ यांचे भाषांतर सुरू झाले.

त्रैभाषिक वाद :
हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीन भाषांतच उपासना करता येते, असा आक्षेप लॅटिन धर्मगुरूंनी घेतला. पाऊस आणि सूर्यप्रकाश सर्वांना सारखेच लाभतात, मग अन्य भाषिकांना मुके का ठेवावे, असा युक्तिवाद कॉन्स्टन्टाइन यांनी व्हेनिस येथील वादात केल्याचे त्यांच्या चरित्रग्रंथात नमूद आहे. पोप दुसरे एड्रियन यांनी स्लाव ग्रंथांना मान्यता दिली. इ.स. ८६९ मध्ये रोम येथे कॉन्स्टन्टाइन यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांनी संन्यस्त जीवन स्वीकारून ‘सिरिल’ हे नाव धारण केले होते. आर्चबिशप झालेल्या मेथोडियस यांना मात्र बव्हेरियन बिशपांनी सुमारे तीन वर्षे कैदेत ठेवले. इ.स. ८८५ मध्ये त्यांचे निधन होताच स्लाव उपासनेवर बंदी आली आणि शिष्यांना मोराव्हियातून हाकलून देण्यात आले.

बल्गेरियातील आश्रय :
या शिष्यांपैकी क्लेमेंट, नाऊम आदींना बल्गेरियाचा राजा बोरिस याने आश्रय दिला. ग्रीक धर्मगुरूंवरील अवलंबित्व कमी करण्यासाठी त्यालाही स्वभाषिक धर्मगुरू हवे होते. ओह्रिड व प्रेस्लाव ही विद्याकेंद्रे उदयास आली. ग्रीक अक्षरांना स्लाव ध्वनींच्या चिन्हांची जोड देऊन नवी लिपी घडली ती येथेच. शिष्यपरंपरेने तिला गुरूंचे नाव लाभले. पुढे इ.स. ९८८ मध्ये कीव्हच्या रूस राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ही ग्रंथसंपदा तेथे रुजली. ग्लागोलिटिक लिपी मात्र क्रोएशियात अनेक शतके टिकून राहिली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या लेखनपरंपरेचा जन्म भाषाभ्यासातून झाला. परंतु तिचे आयुष्य राजाश्रयावर अवलंबून राहिले. मोराव्हियात तो आधार सुटताच ती तेथे क्षीण झाली. बल्गेरियात तो लाभताच बहरली. सिरिल यांची अक्षरे बहुतांशी मागे पडली, तरी प्रत्येक समाजाला स्वभाषेत लिहिण्याचा व प्रार्थना करण्याचा अधिकार आहे, हा त्यांचा विचार टिकून राहिला. त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य हेच म्हणावे लागेल.