स्त्रीबीजाचं वय

मागच्या महिन्यात एका तरुण कॅप्टनने मला विचारलं, "सर, आता आयव्हीएफ आहे ना, मग मुलाची घाई कशाला?" उत्तरासाठी 1978 सालच्या कलकत्त्यात जायला हवं.

त्या वर्षी 25 जुलैला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. सत्तर दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कलकत्त्यात दुर्गा जन्मली. इंग्लंडच्या डॉक्टरांनी नैसर्गिक पाळीतल्या एकाच स्त्रीबीजावर काम केलं होतं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन अनेक बीजं पिकवली, झालेला गर्भ 53 दिवस गोठवून ठेवला आणि मग गर्भाशयात सोडला. आज जगभर हेच चालतं. तेव्हा मात्र सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. पुढे त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत! बदल्या मीही पुष्कळ पाहिल्या, पण ही शिक्षा होती. 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली.

6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मलं. देशातलं पहिलं म्हणून त्याचाच गाजावाजा झाला. मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचून 1997 मध्ये "पहिला मान त्यांचा" असं जाहीर केलं ते याच आनंद कुमारांनी. आपल्या छातीवरचं पदक काढून दुसऱ्याला देणारा माणूस मी पलटणीतही क्वचितच पाहिला.

आता कॅप्टनचा प्रश्न. दुर्गाच्या आईच्या बीजवाहिन्या खराब होत्या. आयव्हीएफ निघालं ते अशा बंद रस्त्याला वळसा घालायला, वय मागे न्यायला नव्हे. मुलगी जन्मते तीच दहा-वीस लाख बीजं घेऊन. वयात येताना तीन-चार लाख उरतात. पस्तिशीनंतर घट वेगाने होते, उरलेल्या बीजांत गुणसूत्रांचे दोष वाढतात आणि गर्भपातही. नवी रसद येत नाही. इंजेक्शन शिल्लक साठाच पिकवतं. पुरुषाचंही वय मोजलं जातं, फक्त उतार मंद असतो.

"मग 2019 मध्ये गुंटूरला 74 वर्षांच्या बाईंना जुळी झाली ती?" बीज दुसऱ्या, तरुण स्त्रीचं होतं. गर्भाशय बऱ्याच उशिरापर्यंत साथ देतं, बीज देत नाही. तरी एवढ्या वयातलं बाळंतपण जिवावरचं असतं. 2021 च्या कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांची मर्यादा घातली. मला ती योग्य वाटते.

आम्ही दोघंही "पीस पोस्टिंग आलं की बघू" म्हणत राहिलो. ते आलं तेव्हा ही एकोणचाळीसची होती. दोन सायकल केल्या. दुसऱ्या वेळी गर्भ राहिला आणि नवव्या आठवड्यात गेला. मी तेव्हा पुन्हा सीमेवर होतो, फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, "रजा टाकू नका आता."

कॅप्टनला मी हे सगळं सांगितलं. बायको बत्तिशीची आहे म्हणाला. दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटायचं ठरवलंय, याच रजेत.