रंगाऱ्यांचा रंग आणि मज्जातंतू

आपल्या बोलीत रक्तवाहिनी, स्नायूचा कंडरा आणि मज्जातंतू या तिघांनाही 'शीर'च म्हणतात. शेजारच्या कन्नडातला 'नरा'ही तितकाच सैल. बोलण्यात हे चालून जाते, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नाही. कानाजवळच्या लाळग्रंथीतून चेहऱ्याचा मज्जातंतू फाटे फोडीत जातो. तो दुखावला की पापणी मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो. थायरॉइड ग्रंथीमागचा बारीक तंतू तुटला तर आवाज बसतो, कधी कायमचा. कीर्तनकाराचे किंवा शिक्षकाचे मग काय व्हावे? आणि हे तंतू दिसायला फिकट, भोवतालच्या ऊतींत सहज हरवणारे.

त्यांना रंगवून वेगळे काढण्याची सामग्री पुरविली ती कापडाच्या रंगांच्या उद्योगाने. जर्मनीत हाइनरिख कारो याने १८७६ साली मेथिलीन ब्लू तयार केला. पुढे पाउल एर्लिखने तो जिवंत प्राण्यांच्या रक्तात टोचला आणि मज्जातंतूंची टोके निळी झालेली पाहिली. हे निरीक्षण १८८६ साली प्रसिद्ध झाले. इटलीच्या गोल्जीने १८७३ मध्येच चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या करून दाखविल्या होत्या, पण त्या मृत ऊतीतल्या. जिवंत देहातला तंतू रंग उचलतो, हे एर्लिखचे वेगळेपण.

दुसरा रंग फ्लुओरेसिन, आडोल्फ फॉन बायरने १८७१ साली बनविलेला. त्याची एक हकिगत मला फार आवडते. डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी पात्रातच जिरून नाहीसे होई. ते जाते कुठे? १८७७ साली तिथे सुमारे १० किलो फ्लुओरेसिन ओतले. साठेक तासांनी, काही कोस दूर असलेला आख नदीचा झरा हिरवा चमकू लागला! तोच रंग १९४८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी मेंदूतील गाठी ओळखण्यासाठी वापरला.

पण मूर यांचा रंग गाठ दाखवी. मज्जातंतू वाचवायचा तर रंग तंतूलाच चिकटायला हवा. चमकणाऱ्या प्रथिनांवरील कामासाठी २००८ चे नोबेल मिळालेले रॉजर त्सियेन आणि कान-नाक-घशाच्या शल्यविशारद क्वेन गुयेन यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने मज्जातंतूलाच धरणारी एक छोटी प्रथिन-साखळी शोधली आणि तिला चमकणारा रंग जोडला. शिरेतून टोचल्यावर काही तासांतच उंदरांचे तंतू उजळले. हा निबंध २०११ साली आला. विजेच्या यंत्राने तंतू ओळखण्याची सोय आधीपासून होतीच, पण तिथे त्याला डिवचावे लागते. इथे तो नुसता पाहायचा.

त्सियेन २०१६ मध्ये वारले. त्या संशोधनातून पुढे आलेल्या बेव्होनेसिन या औषधाच्या माणसांवरील चाचण्या डोके-मानेच्या शस्त्रक्रियांत झाल्या आहेत. त्याला जोडलेला रंग म्हणजे डॅन्यूबमध्ये ओतलेले ते फ्लुओरेसिनच.