रिव्हॅम्प, पीओएच आणि रिडेव्हलपमेंटला गेलेली बिल्डिंग

हेडफोन लावलेत ना? मग चला वागळे इस्टेटला. तुमच्यातले बरेच जण हा एपिसोड तिथल्याच एखाद्या ऑफिसला जाताना, ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहून ऐकत असणार, हे मला माहितीय.

आजचा विषय एक शब्द आहे: रिव्हॅम्प. ऑफिसात तो रोज ऐकू येतो. वेबसाइट रिव्हॅम्प करायचीय, अ‍ॅप रिव्हॅम्प झालं, आणि ज्या मीटिंगनंतर चहा गोड लागत नाही ती, टीम रिव्हॅम्प होतेय. मराठीत या शब्दाचं लिंगसुद्धा अजून ठरलेलं नाही. कुणी ‘मोठा रिव्हॅम्प’ म्हणतं, कुणी ‘मोठं’. रिडेव्हलपमेंटचं तसं नाही. ती बिनबोभाट ‘ती’ झाली, कारण ती घरात आली.

आधी रिव्हॅम्पचं मूळ बघू. व्हॅम्प म्हणजे बुटाचा पुढचा, बोटांवर येणारा वरचा भाग. जुन्या फ्रेंचमध्ये ‘पुढचा पाय’ अशा अर्थाचा जो शब्द होता, तो इंग्रजीत येता येता झिजून व्हॅम्प झाला. (हिंदी सिनेमातली व्हॅम्प वेगळी बरं का! ती व्हॅम्पायरची लेक. या बुटाशी तिचा संबंध नाही.) बुटाचा वरचा भाग फाटला की मोची तेवढा काढून नवा शिवायचा, म्हणजे री-व्हॅम्प. तळ तोच राहायचा. ओव्हरहॉल हा शब्द असाच खलाशांचा. जहाजावरचे दोर ओढून, सैल करून, एकेक तपासायचे, त्यावरून तो आला. म्हणजे आज पॉवरपॉइंटमध्ये मिरवणारे हे दोन्ही शब्द मुळात हाताने काम करणाऱ्या माणसांचे आहेत. मला हे फार आवडतं.

आता वागळे इस्टेट. १९६० साली राज्य झालं, आणि मुंबईत दाटलेले कारखाने बाहेर कसे न्यायचे हा प्रश्न नव्या सरकारपुढे होता. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं एमआयडीसी, स्थापन झालं. तो छोटेखानी समारंभ झाला कुठे? याच वागळे इस्टेटमध्ये. आज महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याला जा, ‘पोरगा एमआयडीसीत आहे’ हे वाक्य ऐकू येतं. एका सरकारी महामंडळाचं नाव गावोगावी जागेचं नाव होऊन बसलं, त्याची सुरुवात ही इथली.

प्लॉट पाडले, रस्त्यांना नावं न देता नंबर दिले. रोड नंबर १६, रोड नंबर २२. अजूनही रिक्षावाल्याला नंबरच सांगावा लागतो. माझे आजोबा इथल्या एका लहान वर्कशॉपमध्ये टर्नर होते. त्यांच्या तोंडी रिव्हॅम्प कधी नव्हता, पण ‘मशिन ओव्हरहॉलिंगला काढलंय’ हे होतं. त्याचा अर्थ अगदी पक्का असायचा. मशिन पूर्ण उघडायचं, प्रत्येक भाग रॉकेलने धुवायचा, झिजलेलं बेअरिंग बदलायचं, बाकीचं तपासून परत जिथल्या तिथे बसवायचं. शेवटी मशिन तेच. शिफ्टही तीच.

कल्याण-डोंबिवलीच्या रेल्वेवाल्या घरांत याचंच आणखी एक रूप सापडतं: पीओएच. पिरियॉडिक ओव्हरहॉल. मध्य रेल्वेच्या लोकल यासाठी माटुंगा वर्कशॉपला जातात. हे वर्कशॉप १९१५ पासूनचं आहे. ‘रेक पीओएचला गेलाय’ असं म्हणतात. पुढच्या वेळी लांब पल्ल्याच्या गाडीच्या डब्याच्या टोकाकडची भिंत नीट बघा. तिथे पीओएच कधी आणि कुठल्या वर्कशॉपमध्ये झालं ते रंगवलेलं असतं, आणि त्याच्याजवळच रिटर्न डेट. म्हणजे डब्याने वर्कशॉपला पुन्हा कधी यायचं ती तारीख. लोखंडाच्या डब्याला त्याची पुढची तारीख अंगावर लिहून मिळते.

हे लक्षात ठेवा, कारण आता बिल्डिंगकडे वळतोय.

कारखाने आले तशी माणसं आली. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून, उत्तरेतूनही. त्यांना राहायला घरं हवी होती, आणि एमआयडीसीने कारखान्यांसाठी जितका विचार केला तितका कामगारांच्या घरांचा केला नाही. (हे माझं मत.) मग किसननगर, पडवळनगर, हाजुरी, इंदिरानगर असं सगळं इस्टेटच्या कडेने वाढत गेलं. आधी चाळी, मग त्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती, एकीच्या खिडकीतून दुसरीच्या खिडकीत वाटी देता येईल इतक्या जवळ. बऱ्याचशा परवानगीशिवाय. ठाणे महानगरपालिकाच झाली १९८२ मध्ये.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यातून इथल्या बोलीत एक नवीनच शब्दसंग्रह आला. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-टू-बी म्हणजे आत राहून दुरुस्ती. सी-थ्री म्हणजे किरकोळ. ‘आमची सी-वनमध्ये आली’ हे वाक्य लोक ज्या आवाजात बोलतात ना, तो आवाज रिपोर्ट हातात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकाचा असतो.

आणि ही भीती उगाच नाही. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्यातच, शीळफाट्याला, लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ती इमारत जुनी नव्हती, अजून बांधून पूर्णही झाली नव्हती. बेकायदा होती, घाईत उभी केलेली. त्यामुळे ‘जुनं ते धोक्याचं, नवं ते सुरक्षित’ एवढं सोपं गणित ठाणेकर मनाशी मांडू शकत नाही.

मराठी पेपर अशा बातम्यांना काय मथळा देतात? ‘रूपडं पालटणार’. ‘कायापालट होणार’. आपल्याकडे आणखी जुना, भारदस्त शब्द आहे, जीर्णोद्धार. ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार १७६० मध्ये सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी केला, हे ठाण्याच्या कुठल्याही इतिहासात वाचायला मिळतं. पण ‘आमच्या सोसायटीचा जीर्णोद्धार चाललाय’ असं कुणी म्हणतं का? चेष्टेत म्हणतील. जीर्णोद्धारात भिंती बदलतात, देव कुठे जात नाही. कायापालटात काया बदलते, आतला तोच राहतो. रिव्हॅम्पमध्ये तळ तोच. हे तिन्ही शब्द एकच गोष्ट गृहीत धरतात, की काहीतरी शिल्लक राहणार आहे.

मग इस्टेटमध्ये काय शिल्लक राहिलं? कारखान्यांच्या प्लॉटवर आज काचेच्या इमारती आहेत, आयटी पार्क आहेत. रोड नंबर १६ वर संध्याकाळी लेथचा आवाज येत नाही, कॅबचे हॉर्न येतात. प्लॉट तोच, रस्त्याचा नंबर तोच. म्हणजे शब्दशः रिव्हॅम्प म्हणायला हरकत नाही. फक्त लेथवरचा माणूस काही काचेच्या इमारतीत कामाला गेला नाही. त्याची नात गेली, शिकली म्हणून. काही घरांत तर आजोबांनी लेथ चालवला त्याच गल्लीत नात कॉल घेते. काही घरांत तसं झालं नाही, तिथला मुलगा आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीत उभा आहे.

घरांचं प्रकरण याहून नाजूक. माझ्या आत्याची बिल्डिंग ‘रिडेव्हलपमेंटला गेली’. ही वाक्यरचना ऐका जरा. गेली! साडी रोल-पॉलिशला जाते, रेक पीओएचला जातो, तशी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते. भाषेला वाटतंय की ती परत येणार. प्रत्यक्षात तीन आठवड्यांत ती जमीनदोस्त झाली आणि गेली आत्या. आधी भाड्याने एका ठिकाणी, मग दुसऱ्या. सुरुवातीला बिल्डरचं भाडं महिन्याच्या महिन्याला यायचं. मग दोन महिन्यांनी, मग फोन केल्यावर. करारात मुदत लिहिली होती, पण ती डब्यावरच्या तारखेसारखी बाहेरून कुणाला दिसत नाही.

कायदा या बाबतीत हळूहळू शहाणा होतोय. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी कलम ७९-अ खाली सरकारने ३ जानेवारी २००९ ला नियमावली काढली. ४ जुलै २०१९ ला ती सुधारली आणि संमतीची अट ७५ टक्क्यांवरून ५१ वर आणली. त्यामुळे काम लवकर सुरू होतं, हे खरं. उरलेल्या ४९ टक्क्यांत कोण असतं तेही बघा: बहुतेकदा एकटी राहणारी म्हातारी माणसं, ज्यांना ‘चार वर्षांनी नवा फ्लॅट’ यातली चार वर्षं आधी ऐकू येतात.

किसननगरमध्ये तर एकेक इमारत पाडून भागणारच नाही, कारण मधे जागाच नाही. म्हणून क्लस्टर, अख्खी वस्ती एकदम. जून २०२३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते तिथे भूमिपूजन झालं. ते स्वतः याच किसननगरातून राजकारणात आलेले. काम सिडकोकडे. आता तिथे विचारा, ‘कुठे राहता?’ तर उत्तर येतं, ‘क्लस्टरमध्ये.’ अजून पत्ता बदललेला नाही, पण शब्द आधीच राहायला आलाय.

मला क्लस्टर नको असं अजिबात म्हणायचं नाही. ज्या घरात पावसाळ्यात स्लॅबचा तुकडा ताटात पडतो, तिथे राहणाऱ्याला जुन्या वस्तीच्या आठवणींचं कौतुक सांगू नये. आत्यालाही परत ती जुनी बिल्डिंग नकोय. तिला लिफ्ट हवीय आणि चावी हवीय. परवा ती मला म्हणाली, ‘अरे, त्या जागेवर आता अकरावा मजला चढलाय. आमचा सातवा. म्हणजे माझं घर झालंय, फक्त मी तिथे नाही.’ दर रविवारी ती रिक्षाने जाते आणि रस्त्याच्या पलीकडून मजले मोजून येते.

तुमच्या बिल्डिंगमध्ये, तुमच्या वर्कशॉपमध्ये या कामाला काय म्हणतात? रिनोव्हेशन, ओव्हरहॉलिंग, पुनर्विकास की अजून काही? व्हॉइस नोट पाठवा. आणि ज्यांची बिल्डिंग ‘गेलीय’, त्यांनी ती किती साली गेली तेही सांगा.