दमसास

गाण्याच्या बैठकीत आपल्याकडे एक शब्द हमखास ऐकू येतो. लांबलचक तान सुखरूप समेवर आली, की मागच्या रांगेतले एखादे आजोबा मान डोलवत म्हणतात, "दमसास बघा!" परवा फोंड्याच्या एका बैठकीत तो पुन्हा ऐकला आणि घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिला.

गंमत अशी की ह्या शब्दात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. दम हा फारसी शब्द, अर्थ श्वास. सास म्हणजे आपला संस्कृत श्वासच, प्राकृताच्या वाटेने झिजून आलेला. मराठीची ही जुनीच खोड. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट हे असेच दोन घरचे जोड. एकट्या शब्दाने समाधान होत नाही, म्हणून शेजारचा हाताशी धरायचा.

१६७७च्या सुमारास शिवछत्रपतींच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हे त्याचे काम. पुढे विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी आली. दोघांनी आपल्याला काही उत्तम शब्द दिले, हे मानायलाच हवे. पण दमाला कोणी हलवू शकले नाही. कोशाचा रोख दरबारी शब्दांवर होता, आणि दम दरबारात राहणारा नव्हताच. तो आखाड्यात, जिन्यावर, चुलीपाशी राहणारा. घाट चढताना दम लागतो, मुलांना दम भरावा लागतो, उतावळ्याला दम धर म्हणून सांगतात, बिर्याणीला दम देतात, पुढाऱ्याच्या भाषणात दम नसतो. हुतूतूत तर सगळा खेळच दमाचा. तो तुटला की गडी बाद. आणि आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो तो 'एकदम', तो मुळात एका श्वासात. (दमडीचा मात्र ह्या कुळाशी संबंध नाही. ती दाम नावाच्या नाण्याची लेक.)

शुद्धीवाल्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. फारसी दम ज्या धातूपासून आला, त्याचा संस्कृतातला भाऊ 'ध्मा', म्हणजे फुंकणे. धमनी हा शब्द त्याचाच. आधी फुंकायची नळी, मग शरीरातली नाडी. तेव्हा ज्याला परका म्हणून बाहेर काढायचे, तो दूर देशी वाढलेला चुलतभाऊ निघतो.

श्वासाचा स्वतःचा परिवारही मोठा आहे. उसासा आणि निःश्वास तर उघडच त्याचे. पण विश्वास आणि आश्वासन हेही त्याच 'श्वस्' धातूचे आहेत, हे कळले तेव्हा मी चकित झालो होतो. ज्याच्याजवळ श्वास मोकळा होतो, तो विश्वास. आश्वासन म्हणजे धापा टाकणाऱ्याला श्वास परत मिळवून देणे. निवडणुकीत वाटली जाणारी आश्वासने ऐकून नेमके उलटे होते, तो भाग वेगळा.

प्राण ह्या शब्दाने तर आपल्याकडे घड्याळ चालवले. सहा प्राण म्हणजे एक पळ, साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस-रात्र. गुणाकार केला तर येतात २१,६००. इथे प्राण म्हणजे एक श्वासोच्छ्वास, चार सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला पंधरा. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा श्वास आजचे डॉक्टरही मिनिटाला बारा ते वीसच्या दरम्यान धरतात. वर्तुळाच्या कलाही ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६००च. म्हणून ४९९ साली आर्यभट लिहू शकला, की एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. पृथ्वी फिरते हे ज्यांना पटेना, त्यांच्या पोथ्यांत ह्या जागी पृथ्वी जाऊन तारे फिरू लागले! लग्नाच्या मुहूर्ताला पाण्यात तरंगणारे घटिकापात्र बुडायला लागे ते ह्याच हिशेबाने ३६० श्वास.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. मडगावच्या जुन्या बाजाराजवळचे इग्रेज सगळ्यांना ठाऊक आहे, एस्पिरितो सांतोचे. लॅटिन 'स्पिरितुस' म्हणजे मुळात श्वास, फुंकर. त्यावरून पवित्र आत्मा. आपला आत्माही श्वासाशीच जोडला जातो, जर्मनमधला 'आटेम' म्हणजे श्वास हा त्याचा नातलग. ज्या जागी हे इग्रेज १५६५च्या सुमारास पहिल्यांदा उभे राहिले, तिथे दामोदराचे देऊळ होते. ते पाडले गेले, देव जांबावलीला गेला. आजची इमारत १६७५ची. जुन्या कोकणी प्रार्थनेत 'स्पिरितु सांत' होता, आता 'पवित्र आत्मो' म्हणतात. शब्दांचे गोत्र एक निघाले म्हणून देऊळ पाडल्याचे दुःख कमी होत नाही, आणि तसे कोणी सांगू नये. पण पाडणाऱ्यांच्या आणि देव घेऊन रातोरात निघालेल्यांच्या ओठी देवासाठी श्वासाचेच शब्द होते, हे इतिहासात नोंदलेले असावे.

आणि बैठकीतल्या त्या आजोबांचा शब्द. जयपूर-अत्रौली गायकीला दमसास भरपूर लागतो. ती गायकी अल्लादियाखाँसाहेबांकडून शिकल्या आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई, जन्म १८९२चा. त्यांची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ साली अमेरिकेच्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर चढवली गेली. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ते यान ऑगस्ट २०१२मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडले आहे, केरीच्या बाईंचा दमसास सोबत घेऊन.